दिवसाचे दिवे

सोमवार, ४ नोव्हेंबर

ही वही मी पुरावा म्हणून लिहितोय. उद्या वादावादी झाली तर तारीखवार लिहिलेलं काहीतरी हाताशी असावं. एकतीस वर्षं मी गोदामाचा भांडारपाल होतो. तोंडी शब्दावर विश्वास ठेवून साधा खिळासुद्धा बाहेर जाऊ दिला नाही. आता निवृत्त झालो म्हणून मी डोळे मिटून बसलोय असं कुणाला वाटत असेल, तर खुशाल वाटू दे.

विषय गाडीचा आहे. सप्टेंबरात आम्ही परदेशातून आलेली एक जुनी गाडी घेतली. स्वस्तात मिळाली, कारण तिचं स्टिअरिंग इथल्या गाड्यांच्या उलट बाजूला आहे. चालवणारा मी रस्त्याच्या कडेला बसतो आणि ही, म्हणजे माझी बायको, रस्त्याच्या मध्याकडे. गाडी घ्यायचं कारण आमची लेक. ती डोंगरापलीकडच्या गावात असते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला बाळ होईल. तिकडे दिवसातून एकच बस जाते, तीही तिच्या मनात आलं तर.

गाडीला सध्या तात्पुरता नंबर आहे, तो तीस तारखेला संपतो. त्याआधी तपासणी केंद्रात पास झाली नाही तर गाडी अंगणात झाकून ठेवायची आणि बसची वाट बघायची. परवा पहिली तपासणी झाली. कागदावर सगळीकडे बरोबरची खूण, एकाच ठिकाणी फुली. दिवसाचे दिवे नाहीत. म्हणजे किल्ली फिरवली की भर उन्हातसुद्धा पुढे आपोआप लागणारे दोन पांढरे दिवे. गाडी बनली त्या देशात त्यांची सक्ती नव्हती, इथे आहे. फेरतपासणीसाठी अठ्ठावीस तारीख दिलीय.

"हे रस्ता दिसण्यासाठी नसतात, आपण दुसऱ्याला दिसण्यासाठी असतात," असं तिथला तपासनीस म्हणाला. एवढी मोठी गाडी ज्याला दिसत नाही त्याला दिवा काय दिसणार, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण सही त्याच्या हातात होती, म्हणून मूग गिळून बसलो.

कंपनीच्या दुकानात या दिव्यांची किंमत ऐकून मी खुर्चीतून उठलोच. गाडी घेतली की विमान? मग जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून एक जोडी आणली, झकास. घरी आल्यावर हिच्या जुन्या नेलपॉलिशने दोन्ही दिव्यांच्या पाठीवर एकेक लाल ठिपका दिला. गोदामातली सवय. आपला माल आपल्याला ओळखता आला पाहिजे.

बुधवार, ६ नोव्हेंबर

गल्लीच्या तोंडाशी एका गाळ्यात वायरमन बसतो. वय पस्तिशीचं, कानावर पेन्सिल, बोलणं गोड. गोड बोलणाऱ्याचा माल मी दोनदा मोजतो. त्याला घरी बोलावून दिवे दाखवले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि टेबलावर ठेवले.

"काका, हे चालायचे नाहीत. काचेवर मान्यतेचा ठसा नाही. तपासणीत आधी तेच बघतात."

"दिवा लागतो ना?"

"लागतो. मेणबत्तीपण लागते."

मग मुद्द्यावर आला. ठसा असलेले दिवे त्याच्या 'ओळखीच्या' दुकानात मिळतात म्हणे. आलं लक्षात! त्या दुकानदाराशी याचं साटंलोटं असणार. मी म्हटलं, "हेच बसवायचे. ठसे कुणीही छापतं." तो नुसता हसला.

इतक्यात ही चहा घेऊन आली. कप टेबलाच्या इतका कडेला ठेवला की निम्मा बाहेर. पडणारच होता, वायरमनने पटकन धरला. मग त्याने हिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मी नोंद घेतली.

ही म्हणाली, "अहो, चांगलेच घ्या ना. लांबून दिसायला हवेत."

चौतीस वर्षांच्या संसारात हिने कधी गाडीच्या दिव्यात लक्ष घातलेलं नाही. घरातला बल्ब गेला तरी दोन दिवस अंधारात चालवून घेणारी बाई. कुठेतरी पाणी मुरतंय.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सराव म्हणून हमरस्त्यावर गाडी काढली. आमची पद्धत लिहून ठेवतो, कारण पुढे लागेल. पुढे ट्रक असला की मला त्याच्या पलीकडचं काही दिसत नाही, मी कडेला असतो ना. हिला दिसतं. म्हणून मी विचारतो, "मोकळं?" ही थोडी वाकून बघते आणि सांगते, "मोकळं" किंवा "थांबा". दोनच शब्द, तिसरा नाही. तिच्या शब्दावर मी गाडी बाहेर काढतो. मी, ज्याने सख्ख्या भावाच्या वजनकाट्यावर विश्वास ठेवला नाही! पण इलाज नाही.

सप्टेंबरात ही भराभर सांगायची. हल्ली काय झालंय कळत नाही. विचारलं की, "थांबा." पुन्हा विचारलं की, "थांबा." आज एका कडब्याच्या ट्रकमागे एकोणीस किलोमीटर फरफटत गेलो. समोरून फार काही येतही नव्हतं, आणि जे येत होतं ते जाऊन किती वेळ झाला तरी हिचं आपलं "थांबा". अंगावर कडबा, नाकात कडबा.

मी म्हटलं, "तुला ही गाडी आवडत नाही, असं सरळ सांग."

ही म्हणाली, "गाडी चांगली आहे." आणि तोंड फिरवून बसली.

मला वाटतं गाडी निकामी ठरवायचा हिचा बेत आहे. का, ते अजून कळलेलं नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज तीन गोष्टी.

एक. ही गेल्या महिन्यापासून एक मंगळवार सोडून एक मंगळवार 'दोरा आणायला' जाते. आज दोरा न घेताच परत आली. मी मागून गेलो होतो, लपवत नाही. ही घड्याळाच्या चौकातून उजव्या गल्लीत वळली. त्या गल्लीत आहे काय? चष्म्यांची दोन दुकानं, वरच्या मजल्यावर कसलीशी पाटी, आणि एक बँक. हिला चष्मा लागत नाही. म्हणजे बँक. म्हणजे माझ्यापासून लपवलेलं खातं!

दोन. हिचं शिवणयंत्र 'दुरुस्तीला' गेलंय, त्याला पंधरा दिवस झाले. तीस वर्षं ज्या यंत्राला हिने स्वतः तेल घातलं, ते अचानक कुठल्या दुरुस्तीला गेलं? त्याआधीही काळ्या कापडाची कामं ही परत पाठवायला लागली होती. विचारलं तर ताकास तूर लागू देत नाही.

तीन. ही माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. बोलताना माझ्या कानाकडे बघते, नाहीतर खांद्यापलीकडे. मान जराशी वळवलेली. गोदामात असा एक हमाल होता. तोही असाच बोलायचा. त्याच्या डब्यात पितळी नळ सापडले होते.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

वायरमन सकाळी दहाला आला. मी स्टूल टाकून समोरच बसलो, दिव्यांचं खोकं मांडीवर.

काम त्याला येतं, हे मान्य करावं लागेल. आधी फ्यूजच्या डबीत, किल्ली फिरवल्यावरच जिथे वीज येते अशी जागा त्याने शोधली. बॅटरीला थेट जोडले तर दिवे गाडी बंद असतानाही जळत राहतात आणि सकाळी गाडी मेलेली असते, असं म्हणाला. मोठे दिवे लावले की हे आपोआप विझावेत म्हणून मध्ये एक रिले टाकला. प्रत्येक वायरवर नळी चढवली. इंजिनाच्या गरम भागापासून वायर हातभर लांब नेली. इतकं नीट काम कोण करतं? ज्याला दुसरं काहीतरी झाकायचं असतं तो.

साडेअकराला तपासणी केंद्रातून फोन आला. गाडीच्या कागदावरचा एक आकडा हवा होता. खोकं स्टुलावर ठेवून आत गेलो. सात मिनिटं लागली. बाहेर आलो तर ही गाडीपाशी उभी होती आणि दोघं हळू आवाजात बोलत होते. मी दिसताच गप्प. तोवर दिवे गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीच्या मागे बसवूनही झाले होते.

"काय चाललंय?"

"काकूंना विचारत होतो, उंची बरोबर आहे का," तो म्हणाला.

उंची म्हणे! ही काय तोरण बांधायला निघालीय?

किल्ली फिरवली. दिवे लागले. लख्ख लागले, उन्हात डोळे दिपले. हिला विचारलं, कसे आहेत. ही म्हणाली, "छान." बघत मात्र होती कुंपणाकडे.

शनिवार, १६ नोव्हेंबर

चोरी झालीय!

सकाळी गाडीखाली आडवा झालो. हातात विजेरी, दुसऱ्या हातात दाढीचा आरसा. दोन्ही दिव्यांच्या पाठी तपासल्या. लाल ठिपका नाही. एकावरही नाही. हे माझे दिवे नव्हेत. त्या सात मिनिटांत माल बदलला. काचेच्या कोपऱ्यात काहीतरी बारीक अक्षरं आहेत, पण तसली छापील नक्षी काय, कुठल्याही खोट्या मालावर असते.

माझे दिवे घेऊन त्याने हलके बसवले असणार. आणि ही तिथेच उभी होती. हिने पाहिलं नाही असं होईल का?

कुणालाही काही बोललो नाही. गोदामाचा नियम असा की चोराला आधी विचारायचं नाही. आधी माल हातात घ्यायचा.

रविवार, १७ नोव्हेंबर

आज चाचणी घेतली. माझ्या डोक्यातून निघालेली, आणि मी म्हणतो म्हणून नाही, पण बिनतोड.

हलका दिवा जवळून चमकतो आणि लांबून मरतो. म्हणून दुपारी बाराला हिला गल्लीच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी उभं केलं. बरोबर दीडशे पावलं. सांगितलं, "दिवे दिसले की हात वर कर, गेले की खाली."

मी गाडीत बसलो. इंजिन सुरू केलं, दिवे लागले. हात वर. इंजिन बंद, हात खाली. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच. एवढ्यावर दुसरा कुणी समाधान मानून घरी गेला असता. मी नाही. चौथ्या वेळेला मी दिव्यांचा फ्यूजच उपसून खिशात टाकला आणि मग इंजिन सुरू केलं. पुढे उजेडाचा ठिपकासुद्धा नाही. दिवे मेलेले.

हिचा हात वर!

ठाम वर. जराही घुटमळली नाही. नसलेले दिवे हिला दीडशे पावलांवरून दिसले. म्हणजे वायरमनचे दिवे चांगलेच आहेत असं म्हणायचं, हे आधीच ठरलेलं. दोघांनी मिळून मला येडा ठरवलंय.

घरी आल्यावर विचारलं, "कसे दिसले?"

"लख्ख," ही म्हणाली.

मी रात्री जेवलो नाही. सांगितलं, पोट बिघडलंय. खरं तर पोट नाही, दुसरंच काहीतरी बिघडलं होतं. वायरमन परका आहे, तो फसवणारच. हिने का फसवावं?

सोमवार, १८ नोव्हेंबर

वायरमनच्या गाळ्यात गेलो आणि सरळ विचारलं, "माझे दिवे कुठे आहेत?"

दुसरा कुणी असता तर चाचरला असता. याने फळीवरचं खोकं काढून माझ्यापुढे ठेवलं. आत माझे दोन्ही दिवे, लाल ठिपक्यांसकट.

"तुमचीच वस्तू आहे काका. मी कशाला ठेवून घेऊ? काकूंनी बदलायला सांगितलं. वरचे पैसेही त्यांनीच दिले."

"कुठून दिले?"

"ते त्यांना विचारा."

"आणि का?"

त्याने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली. मग म्हणाला, "तेही त्यांनाच विचारा. मी बोलणार नाही असा शब्द दिलाय."

शब्द! माझ्या बायकोला हा शब्द देतो!

खोकं घेऊन घरी आलो. आता उलगडा झाला. शिवणयंत्र दुरुस्तीला गेलेलं नाही, विकलंय. ते पैसे त्या बँकेत. त्यातून याच्या खिशात. पण हिने यंत्र विकून महागडे दिवे का घ्यावेत, तेही गुपचूप, या प्रश्नापाशी माझी सगळी हुशारी संपते. चोर घरातून वस्तू बाहेर नेतो. आणून ठेवणारा चोर मी अजून पाहिला नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

लेकीचा फोन. डॉक्टर म्हणतात, बाळ सांगितलेल्या तारखेच्या आधीही येईल. तपासणी झाली की लगेच निघा म्हणाली. मग हिने फोन घेतला आणि आतल्या खोलीत नेला. दार लोटलं तरी ऐकू येत होतं.

"अगं येणार. मला त्याचं तोंड बघायचंय. नीट बघायचंय. वेळेत बघायचंय."

बघायचंय, बघायचंय. आम्ही काय तिकडे बाळाचं भाषण ऐकायला जाणार आहोत?

घरात आमचं बोलणं 'मीठ दे', 'घे' इतकंच उरलंय. आज मीठही तिने ताटाशेजारी टेबलावर वाढलं. मुद्दाम.

रविवार, २४ नोव्हेंबर

ठरवलं, माझ्या गाडीला माझेच दिवे. पाने, पक्कड, खोकं घेऊन बाहेर आलो. हे लबाडीचे दिवे काढून टाकायचे आणि परत त्या गाळ्यात आपटायचे.

बघतो तर ही गाडीसमोर स्टूल टाकून बसलेली. जाळीला पाठ लावून.

"ऊठ," मी म्हटलं.

"हात लावायचा नाही."

चौतीस वर्षांत हिने मला असं कधी सांगितलेलं नाही. आवाज चढला नव्हता. मी म्हटलं, "गाडी कुणाची आहे?" ही म्हणाली, "दोघांची. मी मधल्या बाजूला बसते."

याचा अर्थ काय ते मला कळलं नाही. ती अडीच तास तिथे बसून राहिली. शेवटी मीच पाने आत ठेवले. भांडायला हवं होतं, पण मला भीतीच वाटली. माझ्या घरात असं काहीतरी चाललंय जे सगळ्यांना माहीत आहे, फक्त मला नाही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

रात्री परत आलोय. सगळं क्रमाने लिहितो.

तपासणी केंद्रावर नऊला पोहोचलो. तोच तपासनीस. त्याने गाडी सुरू करायला सांगितली, दिवे लागले. दिवे उजळ आहेत की मंद, याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. खिशातून भिंग काढलं आणि वाकून थेट काचेच्या कोपऱ्यातली ती बारीक अक्षरं वाचली. मग दुसऱ्या दिव्याची.

"ठसा आहे. चला, झालं."

पलीकडच्या रांगेत एकाची गाडी त्याच वेळी परत पाठवली. दिवे अगदी माझ्या खोक्यातल्यासारखे. ठसा नाही. तो माणूस माझ्यासारखंच म्हणत होता, "पण लागतात ना?"

माझे दिवे असते तर आज आम्ही बसच्या थांब्यावर असतो. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि आनंद व्हायच्या ऐवजी राग आला. दोघांचं बरोबर निघालं आणि तरीही मला का सांगितलं नाही?

परतीच्या रस्त्यावर वाळूचा ट्रक आडवा आला. मी विचारलं, "मोकळं?"

"थांबा."

थोड्या वेळाने, "मोकळं?"

"थांबा."

तिसऱ्यांदाही थांबा म्हटल्यावर मी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि जे अकरा दिवस पोटात होतं ते ओकलो. "त्या रविवारी चौथ्या वेळेला मी फ्यूज काढून खिशात ठेवला होता. दिवे लागलेच नव्हते. तरी तू हात वर केलास. खोटं का बोललीस?"

ही पुढच्या काचेकडे बघतच म्हणाली, "इंजिनाचा आवाज आला म्हणून हात वर केला. दिवे मला एकदाही दिसले नाहीत. तिथून मला गाडीच दिसत नव्हती."

मला अर्थ लागेना. "म्हणजे?"

"समोर बघितलं की मधोमध राख फासल्यासारखं होतं. कडेकडेचं दिसतं. एका डोळ्याचं उन्हाळ्यापासून आहे. दुसऱ्याचं सप्टेंबरनंतर सुरू झालं." हे तिने बाजारातला भाव सांगावा तसं सांगितलं. "चष्म्याच्या दुकानावर डॉक्टर आहेत. मंगळवारी सुई देतात. पुढे वाढू नये म्हणून. गेलेलं परत येत नाही म्हणाले. यंत्र दिलं विकून. सुईत दोरा ओवता येत नाही, तर ठेवून काय करू?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी तुम्ही गाडी विकली असती. मग लेकीकडे कशाने जायचं? आणि तुम्ही आधी विचारलं असतं, कधीपासून, कुणाकुणाला माहीत आहे, कागद कुठे आहे. तुमचा चेहरा मला सरळ बघून दिसत नाही हो. दोन महिने झाले. बाळाचं तरी तोंड बघून घ्यावं, कडेने का होईना, दिसतंय तोवर."

आणि मी, नालायक माणूस, तेव्हाही गोदामातच होतो. म्हणालो, "म्हणजे दोन महिने तुला दिसत नसताना तुझ्या शब्दावर मी गाडी बाहेर काढत होतो?"

ती पहिल्यांदाच रागावली. "दिसत नसताना एकदा तरी मोकळं म्हटलं का? आठवा. एकदा तरी?"

मी आठवलं. कडब्याचा ट्रक आठवला. नाही. एकदाही नाही. दिसेना तेव्हा ती थांबा म्हणत होती, आणि मी तिला गाडीची वैरीण समजत होतो.

"आणि तो वायरमन?"

"मी कप टेबलाबाहेर ठेवला तेव्हाच त्याने ओळखलं. त्याच्या आईचं असंच आहे. मी त्याला एवढंच म्हटलं, मला समोरचा दिसत नाही, तर निदान समोरच्याला आपण लांबून दिसू असं काहीतरी बसव."

ट्रक कधीच निघून गेला होता. रस्ता दोन्हीकडे मोकळा होता, मला दिसत होतं. ही वही पुरावा आहे म्हणून लिहितो, मी रडलो. ती नाही. ती म्हणाली, "आता चला, ऊन उतरेल."

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

वायरमनकडे गेलो. गेलो होतो माफी मागायला. तोंडातून निघालं, "दिवे बरे आहेत."

तो म्हणाला, "हो काका." आणि बसायला स्टूल दिलं. त्याची आई कशी आहे ते विचारलं. तासभर बसलो.

संध्याकाळी हिच्या डॉक्टरांकडे. त्यांना मी बावीस प्रश्न विचारले आणि प्रत्येक औषधाची तारीख वाचून घेतली. माणूस बरा वाटला, पण फी घेऊन सही देताना फार घाई करतो. लक्ष ठेवायला हवं.

रविवार, १ डिसेंबर

लेकीकडे पोहोचलो. अडीच तासांचा रस्ता, आम्हाला पाच लागले. वाटेत एक ट्रॅक्टर, दोन ट्रक आणि एक पाण्याचा टँकर. सगळ्यांच्या मागे राहिलो. घाटात धुकं होतं, समोरून येणारे लांबूनच आपली बाजू धरत होते.

टँकरमागे अर्धा तास झाल्यावर ही म्हणाली, "विचारत का नाही?"

"घाई कुणाला आहे?" मी म्हटलं.

लेकीला अजून काही सांगायचं नाही, बाळंतपण होऊ दे, असं हिचं म्हणणं. मला पटत नाही. लपवाछपवीने काय होतं ते मी पाहिलंय. पण डोळे तिचे आहेत, सांगायची वेळही तीच ठरवेल.

मंगळवार, ३ डिसेंबर

पहाटे नात झाली. दोघी सुखरूप.

दहाला आम्हाला खोलीत सोडलं. खिडकीपाशी लेकीच्या सासूबाई आणि त्यांची बहीण उभ्या होत्या. नर्सने बाळ हिच्या हातात दिलं. हिने बाळ वर धरलं, आणि मान पार दुसरीकडे वळवली, भिंतीकडे. कोपऱ्यातून दिसतं तेवढं गोळा करत होती. ओठ घट्ट मिटलेले.

विहीणबाई बहिणीच्या कानाशी लागल्या. माझ्या कानाला गोदामाचं वळण आहे, मला ऐकू आलं. "बघितलंस? तोंड फिरवलं. मुलगा हवा असणार. मनात काहीतरी आहे हो हिच्या."

मला राग यायला हवा होता. आला नाही, लाज वाटली. त्या बाई नुसत्या दोन मिनिटांपुरत्या चुकत होत्या.

मी पुढे झालो आणि म्हणालो, "विहीणबाई, ती बघतेय. तिला वेळ लागतो. तुम्ही जरा खिडकीतून बाजूला व्हा, उजेड येऊ द्या."

त्या गोंधळल्या, पण सरकल्या. ऊन बाळाच्या तोंडावर आलं. बाळाने डोळे किलकिले केले. ही बाळाला हळूहळू फिरवत होती, इकडून थोडं, तिकडून थोडं. मग भिंतीकडे बघतच ही हसली.

"अहो," म्हणाली, "नाक अगदी तुमच्यावर गेलंय."

मी वाकून पाहिलं. नाक सरळ सरळ विहीणबाईंचं होतं, टोकाला किंचित वर वळलेलं. माझं पोपटासारखं आहे.

"हो," मी म्हणालो. "अगदी माझ्यासारखं."